हा प्रोग्राम नेमका चालणार कुठे?

डिसेंबर उजाडला की पिंपळगाव, दिंडोरी, निफाडकडच्या शीतगृहवाल्यांचे फोन सुरू होतात. द्राक्षाचा हंगाम तोंडावर आलेला असतो आणि पावसाळाभर कोपऱ्यात पडलेल्या यंत्रांची सगळ्यांना एकदम आठवण होते. आमचं काम छोटं आहे. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका गाळ्यात आम्ही तापमान नोंदणाऱ्या पेट्या बनवतो. बागेतून आलेला माल प्रीकूलिंगच्या खोलीत चारेक अंशांपर्यंत खाली आणायचा, मग शून्य-एक अंशाच्या कोठीत ठेवायचा. या सगळ्यात पारा कधी किती होता, याचा कागद निर्यातदाराला लागतो. पेटी ठरावीक वेळाने आकडा टिपून ठेवते. मग कोठीवरचं कोणीतरी तिला यूएसबीची वायर लावतं, आकडे संगणकावर उतरवतं आणि आलेख छापून घेतं.

हा संगणक म्हणजे कोठीच्या ऑफिसातला, टॅली चालणारा, विंडोजचा. त्यावर लिनक्स घाला असं सांगायला मी एखाद्या मॅनेजरकडे गेले, तर ते मला चहा पाजून परत पाठवतील, आणि त्यांचं काही चुकणार नाही. पण आकडे उतरवणारा आमचा प्रोग्राम जन्मला लिनक्सवर. त्यात वापरलेल्या लायब्ऱ्या, पोर्ट उघडण्याची रीत, सगळं तिकडचं. तेव्हा लिनक्सचा प्रोग्राम विंडोजवर कसा बांधायचा, हा प्रश्न माझ्या पोटापाण्याचा आहे. आणि ज्यांची मुलं इंजिनिअरिंगला आहेत त्यांच्या घरात तो दर सेमिस्टरला येतोच, फक्त वेगळ्या वेषात.

आधी हे अडतं कुठे ते पाहू. दोन्हीकडे प्रोसेसर तोच असतो. बेरीज-वजाबाकी, तुलना, इथला आकडा तिथे ठेवणं, एवढं प्रोग्राम थेट प्रोसेसरकडून करून घेतो आणि ते दोन्हीकडे सारखंच चालतं. पण फाइल उघडायची, पडद्यावर अक्षर उमटवायचं, पोर्टवरून बाइट वाचायचा, दुसरा प्रोग्राम सुरू करायचा, यांतलं काहीच त्याच्या हातात नसतं. ते ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागावं लागतं आणि मागण्याची पद्धत दोघांची अगदी वेगळी. शिवाय तयार प्रोग्रामची फाइल आतून कशी मांडायची याचेही नियम वेगळे: लिनक्सकडे ईएलएफ, विंडोजकडे पीई. लिनक्सवर बांधलेली फाइल विंडोजच्या डेस्कटॉपवर आणून कितीही डबल-क्लिक केली तरी विंडोजच्या लेखी तो प्रोग्रामच नसतो.

युनिक्सच्या कुळातल्या सिस्टिम्सनी आपल्या मागण्यांची एक सामाईक यादी १९८८ साली ठरवून घेतली, तिला पॉझिक्स म्हणतात. लिनक्सही बहुतांशी तीच पाळतो. गंमत अशी की विंडोज एनटी १९९३ साली बाजारात आली तेव्हा तिच्या पोटात पॉझिक्सचा एक कप्पा आधीपासून होता. तो प्रोग्रामर मंडळींवरच्या प्रेमापोटी आलेला नव्हता. अमेरिकी सरकारी खरेदीच्या नियमांत पॉझिक्सची अट होती, आणि अट पुरी करण्यापुरता तो कप्पा बनवला गेला. त्यातून नेटवर्क वापरता येत नव्हतं, खिडकी उघडता येत नव्हती. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी सरकारी टेंडर भरलंय त्यांना हा प्रकार लगेच ओळखू येईल. अटीसमोर टिक लागते, वस्तू कपाटात जाते.

खरं काम बाहेरच्या माणसांनी केलं. अमेरिकेत सिग्नस नावाची कंपनी होती, जीएनयूच्या कंपायलरना पैसे घेऊन सेवा देणारी. तिथल्या स्टीव्ह चेंबरलेन या अभियंत्याच्या १९९५ साली लक्षात आलं, की विंडोज एनटी आणि ९५ ज्या स्वरूपात ऑब्जेक्ट फाइल ठेवतात, ते कॉफ हे स्वरूप जीएनयूच्या अवजारांना आधीपासून कळतं. म्हणजे जीसीसी कंपायलरकडून विंडोजचा प्रोग्राम बनवून घेणं आवाक्यात होतं. पण तो कंपायलर खुद्द विंडोजवर चालवायचा तर पंचाईत, कारण तो स्वतः युनिक्सचा प्रोग्राम, पावलोपावली युनिक्सच्या मागण्या करणारा. आणि एकटा कंपायलर असून भागत नाही. त्याच्यासोबत लिंकर, डीबगर, शेल, मेक, अशी वरातच असते. प्रत्येकाचा सोर्स बदलत बसण्यापेक्षा सिग्नसने मधे एक लायब्ररी घातली. प्रोग्राम वरून पॉझिक्सची मागणी करणार, लायब्ररी खालून विंडोजकडून ते काम करून घेणार. सोर्स जवळपास जसाच्या तसा ठेवायचा, फक्त या लायब्ररीशी जोडून पुन्हा कंपाइल करायचा. हेच सिगविन, आणि त्याचा जीव सिगविन१.डीएलएल या एका फाइलीत. पुढे रेड हॅटने सिग्नस विकत घेतली, पण सिगविन चालू राहिलं आणि आजही चालू आहे.

फाइल उघडणं, वाचणं, लिहिणं, या मागण्या अशा वळवून देणं फार अवघड नाही. ‘सी’ ड्राइव्हला सिगविन एका फोल्डरासारखं दाखवतं, उलट्या तिरक्या रेघेची सुलटी करतं, प्रोग्रामला शंका येत नाही. पोर्टचंही तसंच. विंडोजचं कॉम १ म्हणजे सिगविनचं टीटीवायएस० एवढं ध्यानात ठेवलं की आमची पेटी बोलायला लागते. अडतं ते फोर्कपाशी.

लिनक्समध्ये नवी प्रोसेस जन्मते ती जुनीची हुबेहूब नक्कल म्हणून. चालता प्रोग्राम फोर्कची मागणी करतो आणि पुढच्या ओळीवर एकाचे दोन झालेले असतात, सगळी मेमरी, सगळे आकडे, सगळ्या उघड्या फाइली सारख्या. ऐकायला हे फार खर्चिक वाटतं, पण लिनक्स ही नक्कल तेव्हाच्या तेव्हा करतच नाही. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं लागतात, पण मोजणी होऊन बांध पडतो तो एखादा भाऊ आपल्या हिश्श्यात विहीर खणायला निघतो तेव्हा. तोवर दोघंही तेच रान आपलं म्हणतात. फोर्कनंतर दोन्ही प्रोसेस मेमरीची तीच पानं वापरतात, आणि ज्या पानावर कोणी काही लिहायला जाईल तेवढ्याच पानाची प्रत निघते.

विंडोजच्या नेहमीच्या प्रोग्रामांना अशी सोय मिळत नाही. तिथे नवी प्रोसेस म्हणजे नवा कोरा प्रोग्राम, पहिल्या ओळीपासून सुरू होणारा. त्यामुळे सिगविनला सगळी उठाठेव स्वतः करावी लागते. तोच प्रोग्राम पुन्हा नव्याने सुरू करायचा, लगेच थांबवून धरायचा, मूळ प्रोसेसची मेमरी त्याच्यात कॉपी करायची, आणि मग मूळ प्रोसेस जिथे होती त्याच ओळीवरून त्याला पुढे चालू द्यायचं. यात सगळ्या डीएलएल दोन्हीकडे मेमरीत त्याच पत्त्यावर बसायला हव्यात. एखादा अँटिव्हायरस मधेच आपली डीएलएल घुसवतो, पत्ते हलतात आणि फोर्क आपटतो. असा त्रास देणाऱ्या सॉफ्टवेअरची एक यादीच सिगविनवाल्यांनी ठेवलेली आहे, आणि तिचं नावही त्यांनी वैतागून ठेवल्यासारखंच आहे.

याचा हिशोब द्यावा लागतो तो बांधणीच्या वेळी. लिनक्सचा प्रोग्राम सोर्सपासून बांधायचा तर रूढ पद्धतीने तीन आज्ञा असतात: कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. यातली कॉन्फिगर ही एक लांबलचक शेल स्क्रिप्ट. तुमच्या मशीनवर अमुक फंक्शन आहे का, तमुक हेडर आहे का, इंटिजर किती बाइटांचा, असे प्रश्न ती एकामागून एक विचारते, आणि पुष्कळ प्रश्नांसाठी चार ओळींचा प्रोग्राम लिहून तो कंपाइल करून बघते. प्रत्येक प्रश्नामागे छोट्या प्रोसेसांची रांग, म्हणजे फोर्कमागून फोर्क. लिनक्सवर या ओळी डोळ्यांसमोरून नुसत्या वाहून जातात. सिगविनवर त्या एकेक करून वाचता येतात. मी त्या वेळात वेल्डरशी पेटीच्या कोपऱ्यांबद्दल बोलून येते.

आमच्याकडे ही भानगड आली तेव्हा ती सिगविन या नावाने आलीच नव्हती. पेटीत एटमेगा मालिकेची चिप असायची. तिच्यासाठी विंडोजवर सगळे विनएव्हीआर वापरत, इथले कॉलेजचे प्रोजेक्टवालेही तेच. फुकट, एका इन्स्टॉलरमध्ये, ‘मेक’ म्हटलं की हेक्स फाइल तयार. त्याच्या यूटिल्स फोल्डरात एमसिस नावाची एक डीएलएल गपचूप बसलेली असते हे कोणाला माहीत होतं! एमसिस म्हणजे सिगविनमधूनच फुटलेली शाखा. मेक आणि शेल तिच्या जिवावर चालत. विनएव्हीआरची शेवटची आवृत्ती २०१० सालची. पुढे विंडोज ८.१ आली आणि ठिकठिकाणी बिल्ड बंद पडले. पडद्यावर ओळ यायची, की सिगविनच्या हीपसाठी जागा राखता आली नाही. ज्यांनी सिगविन कधी बसवलंच नव्हतं ती माणसं चक्रावून जायची. इलाज सोपा होता, त्या एका डीएलएलच्या जागी नवी टाकायची. पण त्या निमित्ताने मधला थर पहिल्यांदा उघडा पडला.

रेनेसासच्या चिप वापरणाऱ्यांची सोय तर पुण्यातून व्हायची. एसएच आणि एच८, आणि पुढे आरएक्स, आरएल७८ या जपानी चिपसाठी लागणारे जीएनयू कंपायलर केपीआयटी कंपनी तयार करून विंडोजच्या इन्स्टॉलरात फुकट देत असे, आणि अडलं तर विचारायचीही सोय फुकट. युनिक्सच्या जगात वाढलेलं अवजार विंडोजवर कामापुरतं उभं करून देण्याचं हे काम पुण्यातून अख्ख्या जगासाठी चालत होतं. आपल्याकडच्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या यशाच्या गोष्टींत हे मला कधी वाचायला मिळालं नाही. त्यात झगमग नाही, हे एक कारण असावं.

सिगविनच्या कुळाचा विस्तार मोठा आहे. ज्या घरात कोणी प्रोग्रामिंग शिकतंय तिथे ‘गिट फॉर विंडोज’ असतंच, आणि त्यातली काळी बॅशची खिडकी एमसिस२ वर, म्हणजे सिगविनच्याच नातवावर चालते.

आता कॉलेजकडे वळते. नाशिकची बरीचशी इंजिनिअरिंग कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची. तिथे आयटीच्या तिसऱ्या वर्षाला ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रात्यक्षिकात फोर्क येतो: एका प्रोसेसच्या दोन करा, दोघांकडून आकडे क्रमाने लावून घ्या, एकीला दुसरीसाठी थांबवा, झोंबी (संपलेली, पण पालकाने दखल न घेतलेली) आणि अनाथ (पालक आधीच संपलेली) प्रोसेस दाखवा. आमच्याकडे इंटर्नशिपला निफाडहून अपडाऊन करणारी एक मुलगी यायची. तिने विंडोजच्या लॅपटॉपवर, विंडोजचे प्रोग्राम बांधणाऱ्या मिनजीडब्ल्यूच्या कंपायलरने, हा प्रोग्राम कंपाइल करून पाहिला. पहिल्याच फटक्याला उत्तर: सिस/वेट.एच अशी फाइल किंवा फोल्डर नाही.

“मॅडम, लायब्ररी डाउनलोड करू का कुठून?”

“डाउनलोड करून मिळणार नाही ती. मागणीच विंडोजला माहीत नाही. घरी लिनक्स टाकून बघ की.”

“लॅपटॉपला हात लावला तर पप्पा ओरडतील. हप्ते चालू आहेत अजून.”

तिची अडचण खरी होती. पार्टिशन पाडताना चुकून सगळं पुसलं गेलेल्या लॅपटॉपांच्या कथा प्रत्येक होस्टेलवर असतात. तिला डब्ल्यूएसएल बसवून दिलं. पूर्ण नाव विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्स. हा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा थर, २०१६ साली जाहीर झालेला. त्याच कंपनीच्या प्रमुखाने २००१ साली लिनक्सला कॅन्सर म्हटलं होतं, पण बाजारात असं चालतंच. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांडची खिडकी उघडायची, ‘डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल’ एवढी एक ओळ द्यायची, उबुंटू उतरून येतं. एखाद्या लॅपटॉपवर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असतं, ते चालू करावं लागतं. बाकी पार्टिशनला धक्का नाही, पप्पांना कळायचं कारण नाही.

डब्ल्यूएसएलचे दोन अवतार आहेत आणि त्यांच्यातला फरक समजून घेण्यासारखा आहे. पहिल्यात लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, नव्हता. लिनक्सवर कंपाइल केलेली ईएलएफ फाइल तशीच्या तशी चालायची, पुन्हा कंपाइल करायची गरज नव्हती. तिने केलेली प्रत्येक मागणी विंडोजच्या कर्नलमध्येच पकडून वळवली जायची. फोर्कसुद्धा नीट व्हायचा, कारण काम कर्नलच्या आत होत होतं, सिगविनसारखं बाहेर उभं राहून नव्हे. पण लिनक्सच्या मागण्या शेकड्यांनी आणि त्यात दर आवृत्तीला भर; सगळ्यांची नक्कल पुरी करणं जमेना. म्हणून २०१९ साली दुसरा अवतार जाहीर झाला. त्यात वळवावळवी जवळपास सोडूनच दिली आहे. एक हलकं व्हर्च्युअल मशीन आणि त्यात खराखुरा लिनक्स कर्नल. खरं म्हणजे याला सुसंगतीचा थर म्हणणं मला पटत नाही. लॅपटॉपवर लिनक्सच चालतं, फक्त ते सुरू करताना कळत नाही एवढंच. किंमत मेमरीत मोजायची. सहसा हे मशीन लॅपटॉपच्या निम्म्या रॅमपर्यंत जाऊ शकतं. आणि विंडोजच्या ‘सी’ ड्राइव्हवर ठेवलेला सोर्स त्यातून कंपाइल करायला गेलं की ते कुंथतं. सोर्स उबुंटूच्या होम फोल्डरात हलवला की पळतं.

मुलीचा झोंबी दिसला. अनाथ प्रोसेसपाशी मात्र ती अडली. पुस्तकात लिहिलेलं, की अनाथाला १ क्रमांकाची प्रोसेस दत्तक घेते, आणि पडद्यावर पालकाचा क्रमांक भलताच. चूक कोणाचीच नव्हती. २०१२ पासून लिनक्समध्ये मधली एखादी प्रोसेस ‘माझ्याखालचे अनाथ मी सांभाळीन’ अशी नोंद करू शकते, आणि आजकाल बऱ्याच ठिकाणी ती असते. हे तिने परीक्षकांना सांगितलं का, ते मला कळलं नाही.

मग ती म्हणाली, आपला आकडे उतरवणारा प्रोग्रामही डब्ल्यूएसएलमध्येच का नाही चालवायचा? इथेच मी सगळ्यांना थांबवते. प्रोग्राम फक्त तुला चालवायचा आहे की दुसऱ्याच्या हातात द्यायचा आहे? तिचं प्रात्यक्षिक तिच्याच लॅपटॉपवर संपणार होतं, त्यासाठी डब्ल्यूएसएलसारखं दुसरं काही नाही. पेटीचा प्रोग्राम पिंपळगावच्या ऑफिसात चालायचा आहे. तिथल्या मॅनेजरने टॅली बारीक करून उबुंटूची खिडकी उघडावी, ही अपेक्षा मी करणार नाही. त्यात पोर्टची कटकट. पहिल्या डब्ल्यूएसएलमध्ये कॉम ३ थेट टीटीवायएस३ म्हणून मिळायचं, पेटी लावली की बोलायची. दुसऱ्यात लिनक्स व्हर्च्युअल मशीनच्या आत आहे, त्यामुळे यूएसबीला लावलेली वस्तू त्याला आपोआप दिसत नाही. यूएसबीआयपीडी नावाची वेगळी सोय बसवून ती आत पाठवावी लागते. माझ्या टेबलावर ठीक आहे, कोठीवर नाही.

सिगविनने बांधलेली एक्सई देता येते, पण ती एकटी जात नाही. नुसती एक्सई पेनड्राइव्हवर नेली की समोर पाटी येते, सिगविन१.डीएलएल सापडत नाही. डीएलएल सोबत द्यायची, आणि त्या मशीनवर दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरने तिची वेगळी आवृत्ती ठेवलेली असेल तर दोघींचं जमत नाही. पूर्वी परवान्याचाही प्रश्न होता. सिगविनशी जोडलेला प्रोग्राम विकायचा तर सोर्स खुला करा, नाहीतर रेड हॅटकडून वेगळा परवाना घ्या. २०१६ साली त्यांनी अट सैल केली, तो काटा निघाला.

उरतं मिनजीडब्ल्यू. मुलीला नाही म्हणणारं तेच. यात मधे वळवून देणारा थर नाही. जीसीसी कंपायलर तोच, पण बाहेर पडतो तो अस्सल विंडोजचा प्रोग्राम, थेट विंडोजकडे मागणारा. म्हणून फोर्क मागितला तर नाही म्हणतो. पण आमच्या प्रोग्रामला फोर्क लागतच नव्हता. लागत होतं फक्त पोर्टचं काम, आणि तेवढा भाग विंडोजच्या रीतीने पुन्हा लिहिला की झालं. व्हीएलसीसारखा प्लेयर असाच लिनक्सवर बसून मिनजीडब्ल्यूने विंडोजसाठी बांधला जातो. आमच्या प्रोग्रामच्या बाकी हजारो ओळींना हात लागला नाही. एक खाचखळगा सांगते, कारण तो कोणाच्या लक्षात येत नाही. विंडोजवर कॉम १ ते ९ नुसत्या नावाने उघडतात, पण कॉम १० पासून पुढे नावाच्या आधी दोन उलट्या रेघा, टिंब आणि आणखी एक उलटी रेघ लागते. कोठीवर वायर रोज वेगळ्या सॉकेटात जाते, कधी नवी वायर येते, आणि पोर्टचा क्रमांक वर वर चढत राहतो. जानेवारीत चालणारा प्रोग्राम मार्चमध्ये पेटी सापडत नाही म्हणतो, आणि फोन करणाऱ्याला वाटतं पेटी बिघडली.

किरकोळ फरक आणखी पुष्कळ. लिनक्सला इंग्रजी मोठं आणि छोटं अक्षर असलेली नावं दोन वेगळ्या फाइली वाटतात, विंडोजला एकच. खुद्द लिनक्स कर्नलच्या सोर्समध्ये फक्त मोठ्या-छोट्या अक्षरांनी वेगळ्या असलेल्या फाइलींच्या जोड्या आहेत, त्यामुळे तो सोर्स विंडोजच्या साध्या फोल्डरात नीट उतरतच नाही. त्यात ‘ऑक्स’ नावाची फाइलही आहे, आणि हे नाव डॉसच्या काळापासून विंडोजने स्वतःसाठी राखून ठेवलंय. ओळ संपल्याची खूण लिनक्समध्ये एक, विंडोजमध्ये दोन. नोटपॅडमध्ये केलेली स्क्रिप्ट लिनक्सकडे नेली की तो म्हणतो, असा इंटरप्रिटर नाही. चूक डोळ्यांना दिसत नाही, कारण ती शेवटच्या अदृश्य अक्षरात असते.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मराठीने. फोनवर टाइप करून करून आता सगळ्यांना मराठीत लिहायची सवय लागलीय. एका कोठीवर पोराने आकड्यांच्या फाइलीला ‘पिंपळगाव जानेवारी’ असं नाव दिलं, फाइल उचलून आमच्या एक्सईवर टाकली, आणि प्रोग्रामने उत्तर दिलं: ‘???????? ????????’ ही फाइल सापडली नाही. दोन्ही शब्दांना आठ-आठ प्रश्नचिन्हं. काना, मात्रा, अनुस्वार, प्रत्येकाला आपापलं एक.

लिनक्सवर हाच प्रोग्राम हीच फाइल निमूटपणे उघडतो. त्याच्या लेखी नाव म्हणजे बाइटांची माळ, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरी त्यात आपोआप बसते. विंडोज आत सगळी नावं युनिकोडमध्येच ठेवतं, पण त्याचे दरवाजे दोन आहेत. एक नवा, रुंद, युनिकोडचा. दुसरा जुना, जिथे प्रत्येक नाव आधी एका कोडपेजमधून जातं. पश्चिम युरोपला १२५२, रशियनला १२५१, असे ते तक्ते. देवनागरीला सिस्टिमसाठी निवडता येईल असं कोडपेज विंडोजने कधी दिलंच नाही. हिंदी-मराठी विंडोज २००० मध्ये आल्या त्या थेट युनिकोडमधून. सी भाषेचं साधं फाइल उघडण्याचं फंक्शन मिनजीडब्ल्यूमध्ये त्या जुन्या दरवाजाने जातं, आणि तिथे मराठीची प्रश्नचिन्हं होतात. सिगविनमध्ये ही अडचण नाही. २००९ च्या १.७ आवृत्तीपासून ते नावं स्वतःच यूटीएफ-८ आणि युनिकोडमध्ये वळवून देतं. म्हणजे ज्या थराला मी जड म्हणून बाजूला केलं, तो मराठी फुकटात सांभाळत होता. थर काढला तेव्हा त्याच्याबरोबर काय काय जातंय, हे कोणत्याही पुस्तकात यादी करून दिलेलं नसतं.

उपाय दोन. विंडोज १० च्या २०१९ च्या १९०३ आवृत्तीपासून एक्सईत एक छोटी मॅनिफेस्ट फाइल घालून सांगता येतं, की या प्रोग्रामपुरतं कोडपेज यूटीएफ-८ समज. सोर्सला हात नाही, दहा-बारा ओळींत काम भागतं. त्याहून जुन्या विंडोजसाठी मात्र फाइल उघडण्याची प्रत्येक जागा शोधून तिथे रुंद दरवाजाचं फंक्शन लिहावं लागतं.

सध्या मी सोर्स उबुंटूत ठेवते, डब्ल्यूएसएल२ मध्ये. तिथूनच मिनजीडब्ल्यूच्या क्रॉस कंपायलरने विंडोजची एक्सई काढते, फोर्क जोरात होत असल्यामुळे कॉन्फिगर लगेच उरकतं, आणि ती एक्सई त्याच मशीनवर विंडोजच्या बाजूला नेऊन खऱ्या कॉम पोर्टवर, खऱ्या पेटीशी तपासते. मराठी नावाची एक फाइल तपासणीच्या यादीत कायमची घातली आहे. अनोळखी एक्सई म्हणून विंडोज पहिल्यांदा निळी पाटी दाखवतं, ते मॅनेजरना आधीच सांगून ठेवते.

दिंडोरीच्या बाजूला एका कोठीवर अजून विंडोज ७ आहे. तिथे मॅनिफेस्टची युक्ती चालत नाही, नवं सिगविनही चालत नाही, ३.५ पासून त्यांनी विंडोज ७ सोडून दिली. त्या एका मशीनसाठी रुंद दरवाजाची वेगळी एक्सई बांधते. तिथले भाऊ दर हंगामाला म्हणतात, “मॅडम, यंदा भाव बरा निघू द्या, मशीनच बदलतो.” तोवर पेनड्राइव्हवर ‘जुनी’ आणि ‘नवी’ असे दोन फोल्डर आहेत.